पहिल्या दृश्यासाठी दोन हात

आमचा सिनेमा कधीच पुरा झाला नाही. झाली ती त्याची पहिली चार मिनिटं, आणि त्या चार मिनिटांसाठी मी जे केलं ते या पुस्तकात लिहायचं की गाळायचं, यावर मी बरेच दिवस स्वतःशीच भांडले. गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आत्या गेली, तात्या गेले, सुधीरनं तर तेव्हाच माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण लिहून झालेली प्रकरणं वाचताना माझ्या लक्षात आलं, की मी फारच गुणाची पोरगी निघत चालले आहे. ते खोटं आहे. म्हणून हे लिहून टाकते.

बारावी झाल्यावर मला बारामतीच्या कॉलेजात घातलं आणि राहायला सुमनआत्याकडे ठेवलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, तात्यांची, धाकटी बहीण. आमचं गाव इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नरसिंहपूरच्या अलीकडे; तिथून रोज ये-जा करायची तर निम्मं आयुष्य एस्टीत गेलं असतं. आत्याचं सासर भाजीवाल्यांचं. मळा कालव्यापलीकडे आणि घर गावात, मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात कायम मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचं काम चाललेलं असे, त्यामुळे ओल्या देठांचा वास अंथरुणा-पांघरुणालासुद्धा यायचा. दिवसभर गिरणीची पुकपुक, डेपोच्या कर्ण्यातून गाड्यांची नावं, दौंडची गाडी सुटल्याची शिट्टी, आणि या सगळ्याच्या वर आक्काचा आवाज. आक्का म्हणजे आत्याची सासू. तिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. देवापुढे बसली तरी देवाला दम दिल्यासारखी बोलायची. आक्काचा धाकटा मुलगा बापू मळा आणि यार्ड दोन्ही बघे. स्वयंपाक मात्र सगळा आत्याचा. बाजरीची भाकरी, खरडा, कांद्याची पात, आणि आठवड्यातून एकदा हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे करताना ती पिठाची लांब वळकटी तळव्याखाली फिरवायची, बोटाला वेढा द्यायची आणि कडं करून उकळत्या पाण्यात सोडायची. बघता बघता परात रिकामी व्हायची आणि हातातल्या हिरव्या बांगड्या सारख्या वाजत राहायच्या.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा यार्डातला माल टेम्पोनं बाहेरगावी पोचवत. मी कॉलेजला येण्याच्या चार वर्षं आधी ते टोमॅटो भरून गेले, ते गेलेच. टेम्पो दौंड स्टेशनबाहेर सापडला. झाडाखाली नीट लावलेला, क्रेट रिकामे करून धुतलेले, किल्ली सीटवर. म्हणजे माल पोचवून, क्रेट धुऊन माणूस नाहीसा झाला होता. ना भांडण, ना आजार, ना चिठ्ठी. पोलिसात दिलं, देवऋषी झाले, पाहुण्यारावळ्यांनी दोन-तीन जिल्हे पालथे घातले. मग हळूहळू लोक विचारायचे थांबले.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असा आमच्या भावकीत रिवाज. बारा वर्षांत आला नाही, तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दहावा-तेरावा करायचा आणि बायकोच्या बांगड्या फोडायच्या. त्या फोडायच्या माहेरच्या बाईमाणसानं. सासरचं कुणी हात लावत नाही. माहेरच्या हातानं बांगडी फुटली, म्हणजे माहेरानं कबूल केलं की आमचा जावई गेला. मग पुढे कुणाला काही बोलायला जागा राहत नाही. आक्काला हे सगळं बारा वर्षं थांबायच्या आतच उरकायचं होतं. ती म्हणायची, "मेला म्हणलं की रडाया तरी येतं. ह्ये न मेलं न जितं, माजा घास उतरंना झालाय." आज मीही आई आहे, तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ मला कळतो, पण त्या काळी मला ती नुसती कजाग म्हातारी वाटायची. तात्या मात्र हटून बसले होते. "बारा म्हंजी बारा. माज्या भनीची बांगडी आमच्या घरचं माणूस फोडणार न्हाय." आत्याचं त्या घरातलं सगळं बस्तान या एका वाक्यावर टिकून होतं. चूल तिच्याकडे होती, मामांची खोली तिच्याकडे होती, संक्रांतीला आळीतल्या बायका तिलाही हळदीकुंकू लावत. ज्या दिवशी बांगड्या जातील त्या दिवशी तिची पिशवी भरून तिला भावाकडे धाडतील, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मला माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. अजाण होते म्हणायची सोय मला नाही.

सिनेमाचं खूळ सुधीरच्या कॅमेऱ्यापासून सुरू झालं. सुधीर माझ्या वर्गात होता आणि लग्नसराईत शूटिंगला जायचा. चुलत्यांचा खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा, डोळे दिपवणारा सनगन दिवा, आणि स्टँडमागे एक चिंचोळं दुकान. पुण्याला कॉलेजांच्या लघुपटांची स्पर्धा होती आणि आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी ती फारच मनावर घेतली. त्यांनी आम्हाला सांगितलं, की भीतीचा सिनेमा करा पण भूत दाखवू नका. भूत बघणाऱ्या माणसाचं तोंड दाखवा, भीती तिथं असते. हे वाक्य माझ्या डोक्यात भिनलं. तिसरी मंजू, बारामतीतल्या एका डॉक्टरांची मुलगी, दरवर्षी गॅदरिंगच्या नाटकात नायिका. गोष्ट मी लिहिणार, कॅमेरा सुधीरचा, काम मंजूचं, असं ठरलं.

दुकानात लग्नपत्रिकांचे वाया गेलेले गठ्ठे पडलेले असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी चौकटी आखायची आणि प्रत्येक चौकटीत एकेक दृश्य काढायची. सुधीरला आधी पांढरी साडी आणि घुंगरं हवी होती. मी म्हणाले, घुंगरं काढ, साडी काढ, संध्याकाळ काढ. भरदुपारी घडू दे. एक बाई आहे, वसुधा. नवरा परगावी. तिचे हात तिच्या नकळत काहीतरी करतात आणि मग ती बघते तेव्हा ते झालेलं असतं. पहिल्या दृश्यात चेहरा दिसायचाच नाही, फक्त हात. हातात हिरवा चुडा भरला जातो. हात तांदूळ निवडतात, कपडे धुतात, पाणी ओढतात. मग तेच हात धुण्याच्या दगडावर स्वतःच्या बांगड्या फोडतात. आणि तेव्हा पहिल्यांदा चेहरा. "ह्ये कुणी केलं?" असा चेहरा. मी हे सांगून झाल्यावर मंजूच्या अंगावर काटा आला. मला स्वतःच्या हुशारीनं इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी घरी चालत न जाता जवळजवळ उडत गेले.

पण मंजूचे हात चालेनात. आम्ही तिच्याच घरी एकदा करून बघितलं. हात बघितले की कळायचं, या पोरीनं जन्मात परात घासलेली नाही. कपडे असे धुवायची जणू मांजराच्या पिल्लाला आंघोळ घालते आहे. आणि चेहरा म्हणाल तर डोळे विस्फारून तोंडावर हात, टीव्हीवरच्या मालिकेत असतो तसा. मी तिला आठ वेळा करायला लावलं. आठव्या वेळी ती रडली, आणि रडताना मात्र फार सुरेख दिसली. पण तोपर्यंत सुधीरनं बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद केला होता.

त्याच आठवड्यात आत्या शेंगोळे करत बसली होती आणि मी समोर पुस्तक उघडून बसले होते. सहज वर बघितलं आणि माझी नजर तिच्या हातांवरच थांबली. रुंद मनगट, नखांच्या कडेला कोथिंबिरीचा हिरवा डाग, आतल्या बाजूला गोंदलेलं तुळशीवृंदावन, आणि चुडा. दाराची कडी वाजली. पाणी मागायला शेजारीण आली होती. तेवढ्यात आत्याचे हात पिठात थांबले, तिनं कोपरानं पदर सावरला आणि दाराकडे बघितलं. कडी वाजली की ती चार वर्षं रोज असंच बघत होती. मी ते शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी मी ते पाहिलं आणि वही काढून लिहून ठेवलं. बोटं कशी थांबतात, मान कधी वळते, ओठ किती उघडतात. मग पुढचे काही दिवस मी उगाचच कडी वाजवून बघायची. आत येऊन म्हणायची, "मीच गं आत्या." ती म्हणायची, "व्हय व्हय, ये." आणि मी खोलीत जाऊन पुन्हा लिहायची.

तिनं कॅमेऱ्यासमोर यावं म्हणून मी जे बोलले ते आजही शब्दन् शब्द आठवतं. आधी ती हसून नाही म्हणाली. "म्या कशाला गं, म्हातारपणी सिनेमात?" तिचं वय तेव्हा पस्तीससुद्धा नसेल. मी म्हणाले, "आत्या, हा सिनेमा पुण्याला जाणार. तितनं मुंबईला. टीव्हीवर बी लागंल. मामा जितं असतील तितं टीव्ही असंलच की. तोंड दिसलं न्हाय तरी त्यांना हात वळखू येतील."

तिच्या हातात वाटी होती, ती तिनं खाली ठेवली. मग विचारलं, "लांब, दिल्लीकडं बी दिसंल का गं?"

"दिसंल."

"मंग ह्यो गोंदलेला हात फुडं धरते," ती म्हणाली.

सुधीरला हे मी कौतुकानं सांगितलं. तो बौद्ध घरातला. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. तो लग्नपत्रिकेची चौकट हातात घेऊन म्हणाला, "चुडा भरायचा, धुणं धुवायचं, इथपर्यंत ठीक हाय. फोडायचं त्यांच्याकडनं नको करून घेऊ. माझा बाप गेला तवा शेजारच्या बाया आईच्या बांगड्या फोडाय आल्या व्हत्या. आजी दारात आडवी झाली. म्हणली, आमी धम्म घेतला तवाच ह्ये सोडलं, माज्या सुनंच्या हाताला कुणी शिवायचं न्हाय. मी लहान होतो, पण त्या बायांची तोंडं मला अजून दिसतात." मी म्हणाले, "अरे, फोडायला मंजूचे हात घेऊ. जवळून घेतलं तर कुणाला कळतंय?" आणि खरंच तेव्हा तसंच ठरलं होतं. मी त्याला फसवलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

आक्का आणि बापू मळ्यात जेवण घेऊन गेले ती दुपार आम्ही धरली. आळीत नेहमी येणाऱ्या कासाराला बोलावलं. त्यानं आत्याच्या हाताला साबण लावला, अंगठा दाबून एकेक नवी बांगडी चढवली. रिवाजाप्रमाणे हात रिकामा ठेवायचा नाही म्हणून जुनी एक ठेवूनच नव्या घातल्या आणि मग ती जुनी काढली. बांगड्या भरून झाल्यावर आत्यानं कासाराला वाकून नमस्कार केला. हे माझ्या चौकटीत नव्हतं. सुधीरनं आपण होऊन घेतलं आणि ते इतकं छान आलं की मला त्याचा हेवा वाटला. कासार पेटी उचलून पुढच्या आळीत गेला. आत्यानं तांदूळ निवडले, रहाटाचं पाणी ओढलं, धुणं धुतलं. कॅमेरा हातांवर आहे हे ठाऊक असूनही तिनं केसांना तेल लावून वेणी घातली होती आणि कपाळाला ठसठशीत कुंकू.

मग मंजू बसली. तिच्या मनगटावर मी बॉलपेननं तुळशीवृंदावन काढलं होतं. पाणी लागताच ते निळं होऊन ओघळलं. मनगट बारीक, गोरं, बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. सुधीर म्हणाला, "चालतंय, जरा लांबनं घेऊ." मी डोळा लावून बघितलं. आधीचे हात आणि हे हात एका बाईचे वाटणं शक्यच नव्हतं. चौदा चौकटी, महिनाभराचा खटाटोप, आणि सगळं एका मनगटापाशी अडलेलं. मला त्या क्षणी दुसरं काहीही दिसत नव्हतं, हे मी खरं सांगते. आत्याला म्हणाले, "आत्या, धुणं अजून एकदा धू. हात दगडावर ठेव. वर बघितलंस तरी चालंल." सुधीरला म्हणाले, "काही झालं तरी थांबू नको." त्यानं मान हलवली. त्याला वाटलं मी उजेडाबद्दल बोलते आहे.

मी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उकिडवी बसले. आत्यानं परकर पिळायला घेतला. मी तिची दोन्ही मनगटं धरली आणि दगडावर आपटली. एकदा नाही फुटल्या, म्हणून दुसऱ्यांदा जोरात. काचा पाण्यात पडल्या. एका हाताला लांबट कापलं आणि साबणाचा फेस लाल झाला.

ती ओरडली नाही. हाताकडेही तिनं बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, जशी देवळात विचारपूस करतात तशा आवाजात विचारलं, "कुटं गावलं गं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. भावाची लेक तिच्या बांगड्या फोडते आहे, म्हणजे गावाकडे निरोप आला आहे. म्हणजे मामा सापडले आहेत, आणि सापडले ते जिवंत नाहीत. तिला दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. "रेल्वेखाली का?" तिनं विचारलं. "अंगावर कापडं व्हती का?" तो चेहरा, जो मी महिनाभर शोधत होते, तो तिथं हातभर अंतरावर होता. आणि कॅमेरा चालू होता. मी उत्तर दिलं नाही. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. दृश्याच्या शेवटी तेवढा वेळ लागतो, असं मी चौकटीच्या खाली लिहून ठेवलं होतं.

दहा झाल्यावर म्हणाले, "काय न्हाय आत्या. सिनेमा हाय."

सुधीरनं कॅमेरा खाली ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी हायती नव्हं?" म्हणाली. मी म्हणाले, "तुला माहीत तेवढंच मला माहीत." तिला हसू फुटलं. खरंच हसली ती. "मंग हुंदे. लई भ्यायले म्या." पदराची दशी काढून तिनं दोन्ही मनगटांना बांधली, हात रिकामे नकोत म्हणून, आणि कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून पाण्यातल्या काचा वेचायला लागली.

रिकामी पाटी घेऊन आक्का परत आली ती त्याच वेळी. दारातूनच तिला दोरे बांधलेले हात दिसले. "कुणी फोडल्या?" तिनं विचारलं. मंजूला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे बोट करून सरळ सांगितलं, "वैजूनं." आक्कानं पाटी टाकली आणि अंगणात फतकल मारून बसली. मी तिला कधीच रडताना पाहिली नव्हती. आता तिनं जो गळा काढला तो गिरणीच्या आवाजावर चढला. "माजा ल्योक ग्येला गं! माहेरानं फोडल्या! आता तरी म्हणा ग्येला!" आळीतल्या बायका धावल्या. आत्या एकेकीचा हात धरून सांगत होती, "अवो सिनेमा हाय, खोटं हाय, पोरीनं चेष्टा केली." बायका तिच्याकडे न बघता आक्काला सावरत होत्या. मीही सांगितलं, पण माझ्या सांगण्याला कोण विचारतंय? ती म्हातारी लेकासाठी चार वर्षांनी रडत होती, आणि ते थांबवायचं पाप कुणी घेणार नव्हतं.

आत्या अनवाणी पुढच्या आळीत गेली आणि कासाराला घेऊन आली. दारातला आकांत ऐकून तो पेटी न उघडताच उभा राहिला. "बारा हिरव्या घाल रं दादा," आत्या म्हणाली, "आत्ताच तर भरल्या व्हत्यास." कासार खाली बघत म्हणाला, "माय, आता मला घालता यायच्या न्हाईत." आणि पेटी डोक्यावर घेऊन निघून गेला.

तात्यांना शेजारच्या एसटीडी बूथवरून निरोप गेला. दुसऱ्या दिवशी ते आले. ओसरीवर बापू, आक्का आणि भावकीतले दोन-तीन जण बसले होते. तात्यांनी कुणाला राम राम केला नाही. मला म्हणाले, "तू फोडल्यास?"

"व्हय."

"तुझ्या हातानं?"

"व्हय. पण तात्या, ते सिनेमात..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "कुंपणानंच शेत खाल्लं," ते भावकीकडे बघून म्हणाले, "आता म्या कुठल्या तोंडानं बारा वर्षं मागू?" बापूनं ऐकून घेतलं आणि फारसं न थांबता म्हणाला, "मग वहिनीला तुमच्यासंगंच न्या तात्या. हितं आता कुणाची वाट बघायचीय?" आत्या आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज तेवढा एकदा थांबला आणि परत सुरू झाला.

विधी नरसिंहपूरला संगमावर झाला. पिठाचा पुतळा करून त्यावर मामांचा सदरा घातला होता. आत्याला मागे बसवलं होतं. ती पुतळ्याकडे बघत नव्हती, पलीकडच्या काठावर होडीतून उतरणारी माणसं बघत होती, एकेक करून.

इथं थांबले असते तर लोक म्हणाले असते, पोर होती, चूक झाली. सुधीरनं कॅसेट कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. मी तो शूटिंगला गेल्याचं बघून त्याच्या आईकडे गेले आणि सुधीरनं मागितली आहे असं सांगून ती घेऊन आले. दुसऱ्या दुकानात मिक्सिंग करवून घेतलं. "कुटं गावलं गं" काढून तिथं तंबोऱ्याचा एकच सूर टाकला. पुण्याला ती चार मिनिटं दाखवली तेव्हा सभागृहात चिडीचूप झालं आणि मग टाळ्या. परीक्षकांपैकी एकांनी मला बोलावून विचारलं, हा चेहरा कुठून मिळाला? मी म्हणाले, "गावाकडची एक बाई आहे. जरा भ्रमिष्ट आहे." त्यांनी मान डोलावली. मला शाबासकीचं प्रमाणपत्र मिळालं. सुधीर त्यानंतर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

आत्या आमच्या घरी राहिली. ती मला कधी टाकून बोलली नाही, आणि मला तेच सोसत नसे. एकदाच, सुट्टीत मी घरी गेले होते तेव्हा, शेण सारवता सारवता तिनं विचारलं, "दावला का गं त्यो सिनेमा?" मी म्हणाले, दाखवला. "हात नीट दिसला?" म्हटलं, दिसला. ती सारवत भिंतीपर्यंत गेली.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. नवरा इंदापूरचा, शिक्षक, शांत स्वभावाचा. आठवडाभर आत्या राबत होती. पापड, कुरडया, रुखवताच्या करंज्या, माझ्या पोलक्यांच्या गुंड्यासुद्धा तिनंच लावल्या. चुडा भरायच्या दिवशी कासार ओसरीवर येऊन बसला, बायका भोवतीनं जमल्या, आणि आत्या कुणी न सांगता तांदळाचं सूप घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसली. विधवेनं चुड्याला हजर राहू नये हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी पाटावर बसले. आई माझ्या कानाशी वाकली. "वैजे, सुमनला बोलवू का? कुणी काय बोलत न्हाय. तू म्हणलीस तर यील ती."

मला तेव्हा जगातलं सगळं कळत होतं. मी शिकलेली होते, भूत मनात असतं हे मला तोंडपाठ होतं, आणि आत्याच्या नवऱ्याला कुणी मारलं असेल तर ते मी, हेही माहीत होतं. तरी वाटलं, तिची सावली या हिरव्या काचेवर पडली आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर? मी भ्याले. आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते.

"नको," मी म्हणाले. "राहू दे तिला आत." आणि कासारापुढे हात केला.